पाणी जातं, मीठ राहतं

समोर एक आराखडा आहे. नागपुरातल्या एका घराच्या तळमजल्यावर बसवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकचा. काच १८० सेंटीमीटर लांब, ८० रुंद, ७० उंच. खालच्या कपाटात ३०० लिटरचा संप, म्हणजे टँकचं पाणी ज्यात उतरतं आणि जिथून परत वर जातं ती टाकी. दगडांनी अडवलेली जागा वजा केली तर फिरतं पाणी हजार लिटरच्या आसपास. माशांची, प्रवाळांची, निळ्या दिव्यांची चित्रं या कागदावर नाहीत. पाणी कुठून येणार, कुठे थांबणार, किती उडून जाणार आणि शेवटी कुठे सोडायचं, एवढंच त्यात आहे. मला हा कागद सुंदर वाटतो. का वाटतो, ते नीट सांगायचं आहे.

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं ते मरीन ड्राइव्हवर, समुद्रासमोर. नागपूरपासून कुठल्याही दिशेला पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. इथे नळाला येतं ते पेंच आणि कन्हानचं गोडं पाणी, आणि समुद्र घडवायचा तो त्याच्यातूनच. आराखड्याची पहिली पायरी म्हणूनच उलट्या दिशेची आहे: पाण्यात काही घालण्याआधी असलेलं सगळं काढून टाकायचं. गाळ अडवणारा फिल्टर, मग क्लोरीन शोषणारा कार्बन, मग आरओ मेम्ब्रेन आणि शेवटी उरलेसुरले क्षार धरून ठेवणारं डीआय रेझिन. क्रमही विचारपूर्वक आहे, कारण क्लोरीन मेम्ब्रेन खाऊन टाकतं, म्हणून कार्बन आधीच हवा. मीटरवर टीडीएस शून्य आल्याशिवाय पाणी पुढे जाणार नाही. पिण्याच्या पाण्यात निरुपद्रवी असलेलं फॉस्फेट आणि सिलिकेट टँकमध्ये शेवाळ माजवतं, आणि पितळी तोटीतून उतरलेलं किंचित तांबंही कवचधारी जीवांना मारक ठरतं.

इथे शेजारी बारीक अक्षरात एक सूचना आहे, आणि ती वाचून आराखडा काढणाऱ्याला नागपूर कळलंय याची खात्री पटते: ‘एप्रिल ते जून, आरओ फक्त पहाटे.’ बहुतेक मेम्ब्रेनची मर्यादा ४५ अंश सेल्सिअस असते. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. ते थेट मेम्ब्रेनवर सोडलं तर मेम्ब्रेन खराब होण्याची भीती, आणि पाणी जितकं गरम तितके क्षार जास्त निसटणार, म्हणजे पुढचं रेझिनही लवकर संपणार. रात्रभर टाकी निवते, म्हणून पहाट.

मग मीठ. स्वयंपाकाचं नव्हे, समुद्रातल्या सगळ्या मुख्य क्षारांचं तयार मिश्रण. लिटरला साधारण ३६ ग्रॅम, म्हणजे पहिल्या भरणीलाच ३६ किलो. ड्रममध्ये आधी पाणी, पंप चालू, मग थोडं थोडं मीठ. उलट केलं, मिठावर पाणी ओतलं, तर दाट द्रावणात कॅल्शियम कार्बोनेट बनून खाली बसतं आणि जे प्रवाळाला मिळायचं ते ड्रमच्या तळाला जातं. रिफ्रॅक्टोमीटरवर हजारी ३५ आली की समुद्र झाला.

आता या रचनेच्या गाभ्याकडे. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. टँकचा पृष्ठभाग जवळजवळ दीड चौरस मीटर. मे अखेरच्या नवतप्यात वर पंखा लावलेला असताना आराखड्याने रोजची घट १० ते १२ लिटर धरली आहे. आठवड्यात ७५ लिटर उडून गेले आणि कोणी पाहिलं नाही, तर खारटपणा ३५ वरून ३८ च्या जवळ पोचेल. समुद्रात राहणाऱ्या जिवांना असा चढ-उतार सोसवत नाही. म्हणून जितकं उडालं तितकंच गोडं, शुद्ध पाणी रोज परत द्यायचं. खारं कधीच नाही, कारण मीठ गेलेलंच नसतं. हे काम संपमधल्या तरंगत्या स्विचकडे आहे. स्विच अडकून बसू शकतो, हेही गृहीत धरलेलं आहे: भरणीच्या पाण्याची टाकी मुद्दाम ४० लिटरचीच ठेवली आहे. ती सगळी एकदम रिकामी झाली तरी खारटपणा ३३.६ च्या खाली जाणार नाही. आणखी एखादं यंत्र विकत न घेता, फक्त टाकी लहान ठेवून अपघात आटोक्यात ठेवलाय. मला ही या कागदावरची सगळ्यात शहाणी रेघ वाटते.

पण ही वाफ केवळ तोटा नाही. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता लागते. रोज १२ लिटर उडाले तर टँकमधून आठ युनिटांची उष्णता निघून जाते, आणि पाणी २६-२७ अंशांवर राखायला चिलरवरचा भार तेवढा हलका होतो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर नागपूरकरांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलाय, त्यांना हे समजवावं लागत नाही. मात्र इथे एक पेच आहे आणि आराखडा त्याला थेट भिडतो. टँकच्या खोलीत कूलर लावला तर खोलीची हवा दमट होते, टँकवरचा पंखा निकामी होतो आणि पाणी उडणं फार मंदावतं. एकाच कोरड्या हवेवर दोघांचा हक्क चालत नाही. म्हणून टँकच्या खोलीत कूलर नाही. उन्हाळाभर पंखा आणि चिलर मिळून, आणि जुलैत विदर्भाची हवा ओली झाली की पंखा बंद, चिलर एकटा. हिवाळ्यासाठी दोन हीटर आहेत, एक बिघडला तर दुसरा. तिथे थांबण्यासारखं फारसं काही नाही.

याच रोजच्या भरणीच्या पाण्यावर आराखडा आणखी एक काम सोपवतो. त्यातले पाच लिटर साधं पाणी नसून चुन्याची निवळी असते. शाळेत निवळीत फुंकर घातली की ती दुधाळ होते हे प्रत्येकाने पाहिलंय, आणि तोच गुण इथे जपायचा आहे: डबा झाकलेला हवा, नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड निवळी वाया घालवतो. पानाच्या टपरीवरचा चुना चालणार नाही, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच हवं. लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास विरघळतं. पाच लिटरमधून रोज सुमारे चार ग्रॅम कॅल्शियम, आणि सोबत क्षारीयता. निवळीचा सामू १२ च्या वर असतो, म्हणून ती थेंबथेंब आणि रात्रीच. अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबलेलं असतं, पाण्याचा सामू खाली आलेला असतो, तेव्हाच ती पाण्याला मानवते.

आणि गंमत बघा: निवळी किती देता येईल हे ठरवतं बाष्पीभवन. उन्हाळ्यात जागा भरपूर. श्रावणात घट तीन-चार लिटरवर आली की निवळीही तेवढ्यावर आली, आणि उरलेलं कॅल्शियम व क्षारीयता वेगळ्या द्रावणांतून मोजून द्यायची. ऋतू बदलला की आहार बदलतो, त्याचा तक्ता मार्जिनमध्ये आहे. ज्याने वर्षभराचं हवामान डोळ्यांसमोर ठेवलं नाही, त्याला तो सुचलाच नसता.

इतकं कॅल्शियम लागणार तरी कोणाला, हा प्रश्न रास्त आहे. दगडी प्रवाळ या टँकमध्ये नाहीत. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ पासून ते पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्याच मालवणच्या पाण्यात आणि विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, आंग्रिया बँकेवर जे प्रवाळ आहेत, ते तिथेच राहावेत हे मला मनापासून पटतं. दगडसुद्धा इथे समुद्रातून आणलेले नाहीत, बनवलेले सच्छिद्र दगड आहेत. मऊ प्रवाळ आणि दगडांवर चढणारं गुलाबी चुनखडी शेवाळ यांच्यापुरतं कॅल्शियम रोज पाच लिटर निवळी सहज भागवते.

वीज गेल्यावर काय होतं, हे पाहणं म्हणजे आराखड्याची परीक्षा. पंप थांबला की परतीच्या पाइपातून पाणी उलटं ओढलं जातं. पाइपाचं तोंड पाच सेंटीमीटर बुडालेलं असेल तर या टँकमध्ये त्याचा अर्थ ७२ लिटर, आणि ते सगळे संपमध्ये. म्हणून ३०० लिटरचा संप फक्त १८० लिटरने भरायचा. १२० लिटरची जागा कायम रिकामी. शिवाय पृष्ठभागाच्या किंचित खाली पाइपाला एक भोक, तिथून हवा शिरली की सायफन तुटतो. आणि ते भोक शेवाळाने बुजतं, म्हणून महिन्याला एकदा साफ करायची आठवण. खाली उतरणाऱ्या पाण्याला तीन पाइप आहेत: पहिला व्हॉल्व्हने नेमका बसवलेला, पूर्ण भरून आवाज न करता वाहणारा; दुसऱ्यातून नुसती धार; तिसरा उंच आणि कोरडा. पहिला तुंबला तर दुसरा, दुसराही तुंबला तर तिसरा. इन्व्हर्टरवर फक्त पाणी हलवणारा छोटा पंप आहे, दिवे नाहीत. अंधार एक दिवस चालतो. थांबलेल्या कोमट खाऱ्या पाण्यातला ऑक्सिजन मात्र काही तासांत खाली येतो.

आठवड्याला शंभर लिटर पाणी बदलायचं, म्हणजे दहा टक्के. बरेच छंदी लोक याच एका उपायावर विसंबतात. आराखड्यात त्याचा हिशेब मांडलाय: माशांच्या खाण्यातून आठवड्याला लिटरमागे दोन मिलिग्रॅम नायट्रेट वाढत असेल, तर दहा टक्के बदलाने ते वाढत वाढत विसावर जाऊन स्थिरावतं, शून्यावर कधीच येत नाही. म्हणून फेसाबरोबर मळ काढणारा स्किमर आहे, संपच्या एका कप्प्यात वाढवून कापून काढायचं शेवाळ आहे. पाणी बदलायचं ते झिजलेले सूक्ष्म क्षार भरून काढण्यासाठी.

एका जागी मात्र माझं समाधान होत नाही. दर आठवड्याला काढलेल्या शंभर लिटरमध्ये साडेतीन किलो मीठ असतं; वर्षाला पावणेदोनशे किलोंच्या वर. आराखडा म्हणतो, ‘बागेत नाही, बोअरवेलजवळ नाही, सांडपाण्याच्या चेंबरमध्ये.’ बागेचं रक्षण झालं, पण शहराच्या सांडपाण्याचा मोठा भाग नाग नदीत उतरतो, नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते आणि वाटेत गोसीखुर्दचं धरण आहे. एका घराचं मीठ तिथे कळणारही नाही, हे खरं. तरी ज्या कागदाने उडालेल्या प्रत्येक लिटरचा हिशेब ठेवला, त्याने सोडलेल्या मिठाचाही ठेवावा. बदल दहाऐवजी पाच टक्क्यांवर आणता येतो. शेवाळ आणि स्किमर भार उचलतातच आहेत, आणि सूक्ष्म क्षार तपासणी करून मोजून देता येतात. आरओतून वाया जाणाऱ्या पाण्याला, शुद्ध पाण्याच्या तिप्पट असलेल्या त्या प्रवाहाला, याच कागदावर जागा मिळाली आहे: फरशी पुसणं, संडासची टाकी.

शेवटच्या ओळीत तारीख आहे: पाणी भरायचं दसऱ्यानंतर. पहिले सहा-आठ आठवडे टँकमध्ये एकही जीव सोडायचा नाही. अमोनिया वाढून नायट्राइट होऊ द्यायचं, नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की डिसेंबरात मोजके मासे, फेब्रुवारीत मऊ प्रवाळ. मार्चमध्ये पारा चाळिशीकडे निघेल तेव्हा पंख्याचा वेग, भरणीचे लिटर आणि निवळीचे थेंब यांची सांगड घालायला महिना-दीड महिना हाताशी राहतो.