लोक हसले, पण पटलं का?

मागच्या महिन्यात येलदरीला घरी गेलो होतो. शेजारी सत्यनारायण होता. प्रसाद खाऊन आलो आणि रात्री मोबाईलवर गाडगेबाबांचं १९५६ सालचं वांद्र्याचं कीर्तन लावलं.

त्यात बाबा नेमके सत्यनारायणावरच येतात. पोथीत साधुवाण्याची बुडालेली नाव प्रसादानं वर येते ना? मग महायुद्धात एवढी जहाजं बुडाली, त्यातलं एखादं पूजा घालून काढा की वर! मी खळखळून हसलो. पोटात प्रसाद होताच.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनो, इथे जरा थांबा. "विनोदामुळे बाबांचं म्हणणं लोकांना पटलं" असं वाक्य आपण किती सहज लिहून टाकतो! पण हसू येणं वेगळं आणि पटणं वेगळं. आयझेंड यांनी २००९ मध्ये जाहिरातींवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. विनोदानं लक्ष वेधलं जातं, जाहिरात आवडते. पण सांगणाऱ्याची विश्वासार्हता मात्र कमी होते. नाबी आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या अभ्यासात तर गंमतच आहे. विनोदी मजकूर लोक नीट लक्ष देऊन घेतात, त्याला उलट मुद्देही कमी काढतात, आणि शेवटी "मस्करी होती हो" म्हणून सोडून देतात.

अमूलला याची फिकीर नाही. १९६६ पासून त्या मुलीचे फलक ताज्या बातमीवर कोटी करतात आणि लोण्याचं नाव डोक्यात राहतं. तेवढंच हवं असतं. कुणाची श्रद्धा थोडीच बदलायची आहे?

बाबांना ती बदलायची होती. म्हणून त्यांचा विनोद मला जास्त कसदार वाटतो. आपल्याकडच्या बहुतेक प्रबोधनपर जाहिरातींतला विनोद काढला तरी संदेश तसाच राहतो. विनोद वरून चिकटवलेला असतो. जहाजाचा विनोद काढा, मुद्दाच उरत नाही. हसायचं तर आधी तर्क कळावा लागतो. आणि विश्वासार्हतेचं म्हणाल, तर दिवसा गावात खराटा चालवून रात्री कीर्तनाला उभ्या राहणाऱ्या माणसाला विदूषक कोण म्हणणार?

पण अडचणही तिथेच आहे. खराटा, वऱ्हाडी बोली, श्रोत्यांना प्रश्न विचारत बोलणं, विनोद, सगळं एकाच माणसात. कशाचा परिणाम किती, हे वेगळं कसं काढणार? विनोद वगळलेले गाडगेबाबा तुलनेला मिळणार नाहीत. शेजारचा सत्यनारायण हाही पुरावा नाही. बाबा नसते तर किती पूजा झाल्या असत्या, कुणाला माहीत? त्यांच्या शब्दावर लोकांनी धर्मशाळांना पैसे दिले, ती कृती मात्र मोजता येण्यासारखी आहे.

तुमच्या प्रश्नावलीत "संदेश आवडला का?" एवढंच असेल, तर महिन्याभरानं त्याच लोकांकडे परत जा आणि त्यांनी काय केलं ते विचारा. मला विचाराल तर, शेजारच्यांनी पुढच्या पूजेचंही आमंत्रण दिलंय. मी हो म्हणालोय.