छताबाहेरचं पाऊल

न्यूयॉर्क शहरापासून गाडीने दोनेक तासांवर, न्यू पाल्ट्झ गावाच्या मागे शावांगंकचा पांढुरका कडा उभा आहे. आरोहक त्याला लाडाने 'गंक्स' म्हणतात. त्यातल्या 'ट्रॅप्स' नावाच्या भागात कड्याची एक सोंड पुढे आलेली आहे आणि तिच्यावरून 'हाय एक्स्पोजर' ही वाट चढते. उंची जेमतेम अडीचशे फूट, अवघडपणाची श्रेणी ५.६. जिममध्ये तयार झालेल्या आजच्या पोराला हा आकडा ऐकून हसू येईल. पण याच वाटेवर भल्याभल्यांचे पाय लटपटतात. एवढ्या कमी अवघडपणातून एवढी मोठी भीती ही वाट काढते कशी, हे मला तिच्यातलं सगळ्यात वाचनीय वाटतं.

आधी खडक. हा गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचे गोटे घट्ट सांधून बनलेला दगड आहे. सह्याद्रीत हाताला येईल ती पकड ठोकून बघायची सवय लागलेल्या माणसाला त्याची खात्रीच पटत नाही, इतका तो पक्का. थर आडवे आणि किंचित कड्याच्या पोटात कललेले, त्यामुळे आडव्या खाचांमध्ये बोटं छान अडकतात. याच आडव्या थरांमुळे जागोजागी छतं बाहेर आली आहेत. पहिला टप्पा आपल्याला 'जीटी लेज' नावाच्या रुंद, झाडं उगवलेल्या पट्टीवर आणून सोडतो. त्याबद्दल फार लिहावं असं काही नाही. चांगल्या बैठकीतल्या आलापासारखा तो फक्त आवाज लावून देतो.

खरी गंमत पट्टीच्या वर. थोडं चढून आपण एका भल्या मोठ्या छताखाली पोचतो. इथे उभं राहायला जागा बरी आहे, दम खाता येतो, खाचेत कॅम, म्हणजे दोर अडकवायचं साधन, बसवता येतो. आणि नेमकी हीच सोय घात करते. अडचणीच्या जागी माणूस विचार न करता पुढे सरकतो; इथे मात्र विचाराला भरपूर वेळ मिळतो. समोर वाट संपलेली दिसते. पुढची पकड आहे, मोठी आहे, सगळे सांगतात तशीच आहे. पण ती छताच्या कडेपलीकडे आहे आणि इथून दिसत नाही. अंग बाहेर झोकून, हात कडेवरून वर नेऊन तिला चाचपावं लागतं. हाताला ती लागते तोवर धड हवेत गेलेलं असतं. एक पाय अजून छताखालच्या ओळखीच्या दगडावर, दुसरा कुठे टेकवायचा ते शोधत. खाली नजर गेलीच, तर मधे काहीच नसतं. थेट झाडांचे शेंडे. दृष्टिभय म्हणतात ते हे. ताकदीची कसोटी इथे लागतच नाही. न दिसणाऱ्या गोष्टीवर वजन टाकायला मन राजी होतं का, एवढंच वाट विचारते.

हे पाऊल १९४१ साली पहिल्यांदा टाकलं ते हान्स क्राउस आणि फ्रिट्झ विस्नर या जोडीने. विस्नर मूळचा ड्रेस्डेनचा. दोनच वर्षांपूर्वी, १९३९ मध्ये, तो के-टूच्या माथ्याच्या अगदी जवळून परतला होता. क्राउस डॉक्टर, पुढे राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर त्याने उपचार केले. साधनं म्हणजे तागाचा दोर, तोही थेट कमरेला बांधलेला, आणि मऊ लोखंडाच्या मेखा. पुढच्याने पडायचंच नाही, हा त्या काळचा नियम. आपल्याला निदान पलीकडे पकड आहे हे आधी कळलेलं असतं. त्यांनी हात घातला तेव्हा तसं सांगणारं कुणी नव्हतं. म्हणून मला या वाटेचं श्रेय शोधापेक्षा त्या अंदाजाला द्यावंसं वाटतं: छतापलीकडचा भाग चढण्यासारखा असणार, हे त्यांनी या दगडाच्या थरांवरून ताडलं असावं.

ही जमीन खाजगी आहे, हेही वाचताना वगळून चालत नाही. क्वेकर पंथाच्या स्मायली बंधूंनी १८६९ मध्ये जवळच्या तळ्याकाठी हॉटेल काढलं आणि त्या घराण्याने आसपासचे डोंगर जमवत नेले. १९६३ मध्ये ट्रस्ट झाला, तोच आजचा मोहॉन्क प्रिझर्व्ह: सरकारी नाही, नफ्यासाठीही नाही. दिवसाचं शुल्क भरायचं आणि कड्याखालून जाणाऱ्या जुन्या बग्गीच्या रस्त्याने चालत पायथा गाठायचा. ससाण्यांच्या विणीच्या काळात काही भाग बंद ठेवतात, तेव्हा निमूट दुसरीकडे जायचं. आपल्या मनाने छिद्रं पाडून बोल्ट ठोकायला मनाई आहे. सत्तरच्या दशकात जॉन स्टॅनर्ड आणि त्याच्या पिढीने मेखा ठोकून दगड फोडणं थांबवून, हाताने बसवायचे आणि काढून न्यायचे नट वापरण्याचा आग्रह धरला. दुसऱ्याच्या अंगणात खेळताना भिंतीला खिळे मारायचे नसतात, इतका साधा शिष्टाचार. पण 'हाय एक्स्पोजर'चा रस टिकला आहे तो बराचसा त्याच्यामुळे. छताच्या कडेवर चकाकणारा बोल्ट असता, तर नजरेला आधार मिळाला असता आणि ते पाऊल निव्वळ व्यायाम उरलं असतं.

कडेबाहेर आल्यावर सोंडेचा उभा दर्शनी भाग लागतो आणि माथ्यापर्यंत एकामागून एक मोठ्या पकडी मिळत जातात. हा शेवट काहींना फारच सढळ वाटतो. मला तो योग्य वाटतो. भीती तशीच असते, हात मात्र भराभर चालतात, आणि या विसंगतीत एक खुळा आनंद आहे. दुसऱ्या आरोहकाचे हाल मात्र कुणी सांगत नाही. पुढचा कडेपलीकडे गेला की दिसेनासा होतो, आवाजही नीट पोचत नाही, दोर छताच्या कडेवर घासून जड होतो. म्हणून दोराला किती हिसके दिले की काय समजायचं, हे आधीच ठरवून घ्यावं लागतं. शनिवार-रविवारी तर पट्टीवर पाळीची वाट बघणारे असतातच, आणि छताखाली कुणी जरा जास्त रेंगाळलं की मागून फुकटच्या सूचना सुरू होतात. हल्ली ही वाट ५.६च्या पुढे अधिकचं चिन्ह लावूनही नोंदवली जाते. ते चिन्ह बहुधा त्या रेंगाळण्याचं असावं.