दुःखाला रोगाचे नाव देताना

मनुष्याच्या दुःखाला आजार केव्हा म्हणावे, हा प्रश्न वैद्यकाइतकाच साहित्याचाही आहे. ॲलन हॉरविट्झ हे समाजशास्त्रज्ञ आणि जेरोम वेकफिल्ड हे समाजकार्याचे प्राध्यापक, या दोघांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द लॉस ऑफ सॅडनेस’ या इंग्रजी ग्रंथाचा तोच विषय आहे. ग्रंथ जुना झाला, पण त्यातील वाद शमलेला नाही. म्हणून त्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली आणि नैराश्याचे निदान लक्षणे मोजून करण्याचा पायंडा पडला. त्याचे आजचे रूप असे : खिन्नता, कशातही रस न वाटणे, निद्रानाश, थकवा, अपराधीपणा, मृत्यूचे विचार इत्यादी नऊ लक्षणांपैकी पाच लक्षणे दोन आठवडे टिकली व त्यांनी जगणे बिघडविले, की तो विकार. त्यांत पहिल्या दोहोंपैकी एक हवेच. लक्षणे कशामुळे उद्भवली, याला महत्त्व उरले नाही. आप्ताच्या मृत्यूचा शोक एवढाच काय तो अपवाद.

लेखकद्वयाचा आक्षेप येथेच आहे. वियोगाच्या शोकाला सूट, तर नोकरी गेलेल्याच्या किंवा संसार मोडलेल्याच्या दुःखाला का नाही? हिपॉक्रेटिसपासूनचे वैद्य दुःख कारणाच्या मानाने आहे की नाही, हे पाहत. ते पाहणे सुटले आणि साध्या दुःखाचीही गणना रोगात होऊ लागली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तिसऱ्या आवृत्तीचे सूत्रधार रॉबर्ट स्पिट्झर यांनीच या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, ही त्यांच्या मनाच्या मोठेपणाची खूण होय.

तथापि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने नेमकी उलट वाट धरली. शोकाचा अपवादही काढून टाकला. चौथ्या आवृत्तीचे प्रमुख ॲलन फ्रान्सिस यांनी त्यावर जाहीर टीका केली. समर्थकांचे म्हणणे असे, की वियोगानंतरचे नैराश्य इतर आघातांनंतरच्या नैराश्याहून वेगळे नसते. मग शोकग्रस्तालाच उपचारांपासून वंचित का ठेवावे?

ग्रंथातील एक उदाहरण आम्हांस फार बोलके वाटले. आर्थर मिलर यांच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ या १९४९ च्या नाटकाचा १९९९ साली पुन्हा प्रयोग झाला, तेव्हा दिग्दर्शकाने संहिता मनोविकारतज्ज्ञांना दाखविली. नायक विली लोमन याला नैराश्याचा विकार आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. मिलर यांना तो मान्य झाला नाही. विलीला आयुष्याच्या भाराने वाकविले आहे, अशी त्यांची भूमिका होती. लेखकद्वय मिलर यांच्या बाजूने उभे राहते.

परंतु नाटकाचा शेवट विसरून चालणार नाही. विली अखेर आत्महत्या करतो. तो जिवाचे बरेवाईट करून घेण्याच्या विचारात आहे, हे पत्नी लिंडाला ठाऊक असते. ती मुलांना सांगते. पण खुद्द विलीला विचारणे तिला त्याचा अपमान वाटते. विलीच्या दुःखाला कारण होते, हे मिलर यांचे म्हणणे खरे. त्याला मदतीची गरज होती, हेही तितकेच खरे. कारण सापडले म्हणजे आजार नाही, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. पाय अपघातात मोडला म्हणून तो मोडलेला नाही, असे कोणी म्हणत नाही. चौथ्या आवृत्तीतील सूटही आत्महत्येचे विचार करणाऱ्या शोकग्रस्ताला लागू नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावे.

तेव्हा आमच्या मते हा ग्रंथ समाजातील रुग्णांची शिरगणती करणाऱ्यांना योग्य इशारा देतो. केवळ प्रश्नावली भरून काढलेले आकडे फुगतात, हे त्याने नीट दाखविले आहे. मात्र समोर बसलेल्या एका माणसाविषयी निर्णय घेताना त्याची कसोटी अपुरी पडते. तेथे कारणाबरोबरच दुःखाची खोली, त्याचा काळ आणि जिवाला असलेला धोका पाहावा लागतो.

आपल्या देशात तर पारडे दुसरीकडेच झुकलेले आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्यासारख्या सामान्य मनोविकारांच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचार मिळत नव्हते. अमेरिकेतील अतिनिदानाची तक्रार येथे जशीच्या तशी उचलणे धोक्याचे ठरेल. घरात मृत्यू घडल्यावर रडणाऱ्याला औषधाची घाई करू नये, हे लेखकद्वयाकडून जरूर घ्यावे. पण महिने लोटूनही जो जेवत नाही, झोपत नाही, मरणाची भाषा बोलतो, त्याला ‘दुःखच तसे आहे’ म्हणून सोडून देऊ नये. लिंडाला जे विचारवले नाही, ते त्याला विचारावे आणि डॉक्टरांकडे जाताना त्याच्यासोबत कोणीतरी असावे.