रंगभूमीचा कारभारी

मराठी रंगभूमीचें परीक्षण म्हटलें कीं आमचे टीकाकार नटाचा अभिनय, नाटककाराची भाषा आणि गायकाचा गळा यांची चर्चा करितात. परंतु पडद्यामागें बसून हिशेबाच्या वह्या लिहिणारा, भांडणें मिटविणारा आणि आपल्यामागें संस्था कोण चालवील याची काळजी वाहणारा जो कारभारी, त्याच्या कर्तृत्वाचें परीक्षण क्वचितच होतें. नाट्यसंस्था बुडतात त्या बहुधा याच एका माणसाच्या उणिवेनें, असें आमचें मत आहे.

१८८० सालीं शाकुंतल रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ सालीं वारले; तरी मंडळी टिकली. १९०१ सालीं भाऊराव कोल्हटकर गेले. तरीही ती उभी राहिली. पुढें १९१३ सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व मंडळी जन्मास आली. तिला लोकाश्रय अपार मिळाला, अहमदजान थिरकवांसारखा तबलजी मिळाला; तरी ती कर्जांत बुडाली. उत्पन्न नव्हतें म्हणून नव्हे. मालकास ‘नको’ म्हणूं शकेल असा माणूस जवळ टिकला नाहीं म्हणून. आतां कोणी म्हणेल, त्या उधळपट्टीनेंच रंगभूमीस वैभवाचें मोजमाप दिलें. हें आम्हांस मान्य आहे. चिकट मुनीम कलेस तारीत नाहीं. परंतु उदार असणें वेगळें आणि बेहिशेबी असणें वेगळें.

याउलट ललितकलादर्श पाहा. १९०८ सालीं हुबळीस ती स्थापन करणारे केशवराव भोसले १९२१ सालीं ऐन तारुण्यांत गेले. दुसरी कोणतीही मंडळी तेथेंच मोडली असती. बापूराव पेंढारकरांनीं धुरा उचलली आणि पुढच्याच वर्षीं वरेरकरांचें ‘सत्तेचे गुलाम’ रंगभूमीवर आणलें. १९३७ सालीं बापूराव वारल्यावर खंड पडला खरा, पण त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनीं संस्था पुनः उभी केली. २००८ सालीं तिनें शंभरी गांठली. येथें गळा बदलला, नाटकें बदललीं. धुरा मात्र कोणी ना कोणी घेत गेला.

रायगडाच्या पायथ्याची हिरकणीवाडी आज रज्जुमार्गाचें ठाणें म्हणून प्रवाशांस ठाऊक आहे. तिच्या नांवाची दंतकथा सर्वश्रुत आहे. खरी कीं खोटी, हा वाद येथें नको. पहारेकऱ्यांनीं नियमाप्रमाणें दरवाजा मिटला. घरच्या तान्ह्यासाठीं गवळण कडा उतरून गेली. आणि राजानें तिचा गौरव करून तेथें बुरूज बांधला. नियम मोडला गेला तेव्हां तो कां मोडला हें राजानें पाहिलें, आणि उघडी पडलेली जागाही बुजविली. कारभाराचा याहून चांगला धडा आम्हांस ठाऊक नाहीं.

महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून गौरी-गणपतींत जाखडीचे फेर रंगतात. गांवकी वर्गणी जमविते, चाकरमानी मुंबईहून सुटी काढून येतात, थोरांमागें पोरें पाय टाकून शिकतात. येथें एकटा मालक नसतो. म्हणून एक शाहीर गेल्यानें नाच थांबत नाहीं. परंतु वाडीच ओस पडूं लागली तर फेर धरणार कोण? आणि दुसरेंही एक व्यंग सांगितलें पाहिजे : हा फेर पूर्वापार पुरुषांचा आहे. ज्या मुलखानें एका आईचें नांव बुरुजास दिलें, त्यानें तिच्या लेकींस अंगणाच्या कडेस बसवावें, हें शोभत नाहीं.

अशा मुलखांत कलामंदिर उभारूं पाहणाऱ्यांनीं इमारतीच्या आराखड्यापूर्वीं कारभारी निवडावा. कोल्हापुरांत शाहू महाराजांच्या कारकीर्दींत उभें राहिलेलें व केशवरावांचें नांव ल्यालेलें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. भिंतींचा भरंवसा एवढाच. कारभाऱ्यानें वर्षाचा हिशेब गांवकीपुढें वाचावा, आपल्या हयातींतच दुसरा माणूस तयार करावा, आणि तालमीची वेळ अशी ठेवावी कीं घरीं तान्हें मूल असलेल्या बाईस कडा उतरावा लागूं नये. एवढें साधलें तर मंदिर लहान असलें तरी चालेल.