खोलीचा वारसा, रोजीचा तुटलेला धागा : ‘अधांतर’चे पुनर्वाचन

प्रास्ताविक

जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक १९९७ मध्ये रंगभूमीवर आले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतरच्या वाताहतीचे नाटक, अशी त्याची ओळख मराठी समीक्षेत रूढ झाली आहे. ही ओळख चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. प्रस्तुत लेखात या नाटकाकडे चाळीतल्या एका खोलीच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. ज्या पिढीला आईवडिलांची खोली मिळाली पण त्यांची रोजी मिळाली नाही, त्या पिढीचा असंतोष जातो कोठे, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

खोली आणि रोजी

गिरणगावातील कामगाराचे जीवन तीन आधारांवर उभे होते : गिरणीतला पगार, चाळीतली अल्प भाड्याची खोली आणि गावाकडचे घर. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, त्यामुळे खोली टिकली. संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांपैकी असंख्यांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. पगाराचा आधार असा निखळला, खोली मात्र राहिली. पुढच्या पिढीचा पेच येथूनच सुरू होतो. या मुलांना बेघर म्हणता येत नाही, पण स्वतंत्र बिऱ्हाड थाटण्याइतकी मिळकतही त्यांच्यापाशी नाही.

‘अधांतर’चे सर्व नाट्य एका खोलीत घडते, याला केवळ नेपथ्याची सोय मानणे योग्य ठरणार नाही. लेखक होऊ पाहणारा बाबा, क्रिकेटच्या वेडात बुडालेला मोहन आणि गुंडगिरीच्या वाटेला लागलेला नरू हे तिघे भाऊ तीन वेगवेगळ्या मार्गांनी त्या खोलीतून सुटू पाहतात. शब्द, खेळाचे वेड आणि हिंसा ही त्यांची साधने आहेत. यांपैकी एकाही साधनाने दुसरे घर उभे राहत नाही. त्या खोलीचा संसार रेटणारी आई या सगळ्याची साक्षीदार आहे. शीर्षकातले अधांतरपण म्हणूनच केवळ बेकारीचे नाही. बालपण संपले तरी त्याची जागा सोडता न येण्याचे ते अधांतरपण आहे.

असंतोषाची दिशा

घरे आवाक्याबाहेर गेली की तरुण रस्त्यावर उतरतील, असे भाकीत नेहमी केले जाते. गिरणगावाच्या इतिहासात त्याला काही आधारही सापडतो. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांचे बंड झाले, तेव्हा संपकरी कामगारही रस्त्यावर आले होते. त्या वेळी रागाला पत्ता होता. मालक कोण, सरकार कोण, मागणी कोणती, हे ठाऊक होते.

‘अधांतर’ त्यानंतरची अवस्था टिपते. मालकाशी आणि सरकारशी असलेले भांडण खोलीत पोहोचेपर्यंत भावाभावांचे, आई-मुलांचे भांडण झालेले असते. सामूहिक लढ्याची भाषा संपली की राग नाहीसा होत नाही, तो जवळच्या माणसावर उलटतो किंवा टोळीच्या हाती लागतो. नरू हा अपवादात्मक गुन्हेगार नसून पत्ता हरवलेल्या रागाचा वाहक आहे. सामाजिक अशांततेचे मोजमाप केवळ मोर्च्यांवरून आणि दंगलींवरून करणाऱ्या अभ्यासाला ही घरातली अशांतता दिसत नाही. नाटकाचे खरे मोल येथे आहे.

नाटकाची मर्यादा

तथापि एका बाबतीत हे नाटक आपल्या काळाच्या मागे राहिले, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते. त्यातल्या खोलीला बाजारभाव नाही. खोली म्हणजे कोंडी, एवढाच तिचा अर्थ आहे. प्रत्यक्षात १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची महापालिका, म्हाडा आणि मालक अशी वाटणी ठरवली होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. दादरमधील कोहिनूर मिलची जमीन २००५ मध्ये ४२१ कोटी रुपयांना विकली गेली. कामगाराच्या घराचा हिस्सा कसा आटत गेला, हे समजण्यास एवढा तपशील पुरेसा आहे.

आज त्याच परिसरात खोली ही मालमत्ता झाली आहे. दादर पूर्वेकडील नायगावच्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांची सदनिका मिळावयाची आहे. ज्यांनी एकत्र उपास काढले, त्या भावांपुढे आता कागदावर नाव कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. ‘अधांतर’मधील भावंडांना हा प्रश्न पडत नाही. बदललेल्या गिरणगावाचे भान पुढे पवारांच्याच ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ (२०१०) या कथासंग्रहात अधिक स्पष्ट होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

वारसांची पिढी

म्हाडाच्या योजनेत १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर कामावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस घरासाठी पात्र ठरतो. अर्ज दीड लाखांहून अधिक आले. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे होती, तर २०२० च्या सोडतीत ३,८९४. अर्ज आणि घरे यांतील ही तफावत पिढ्या ओलांडून पुढे जाते. कामगार वारला की त्याची प्रतीक्षा मुलाच्या नावावर होते. मालमत्तेचा वारसा कायद्याला परिचित आहे. येथे मात्र प्रतीक्षेचाच वारसा मिळतो. शेलू व वांगणी येथे घरे देण्याच्या प्रस्तावाविरुद्ध, घर मुंबईतच हवे, या मागणीसाठी जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर आंदोलन झाले. त्यात कामगारांसोबत त्यांचे वारसही मागणीदार होते. रागाला पुन्हा पत्ता मिळाला, असा या घटनेचा अर्थ लावता येईल. तसे असेल तर ती चिंतेपेक्षा समाधानाचीच बाब मानली पाहिजे, कारण मैदानावर येऊन मागणी करणारा असंतोष लोकशाहीला पेलता येतो. खोलीत कोंडलेल्या असंतोषाविषयी तसे म्हणता येत नाही.

समारोप

‘अधांतर’ वर्गात शिकवताना ते संपलेल्या युगाचा दस्तऐवज म्हणून शिकवले जाण्याचा धोका आहे. मध्य मुंबईतील महाविद्यालयांच्या बाकांवर बसणारे अनेक विद्यार्थी विरार, बदलापूर किंवा त्याही पलीकडून येतात. यांतील काहींच्या आजोबांची चाळ महाविद्यालयापासून पायी जाण्याच्या अंतरावर होती. या पिढीला खोलीही मिळालेली नाही आणि रोजीची शाश्वतीही नाही. बाबा, मोहन आणि नरू यांच्यापुढे निदान एक उंबरठा होता, ज्याच्या आत-बाहेर करता येत होते. तो उंबरठाच ज्यांना मिळाला नाही, त्यांचे अधांतरपण कोणत्या नाटकात सापडेल, हा प्रश्न मराठी नाटककारांइतकाच आपणा अध्यापकांपुढेही आहे.