संकेतस्थळनिर्मितीसाठी प्रतिमा-संपादन प्रणालीची निवड : आरे कॉलनीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

संकेतस्थळनिर्मिती हा विषय महाविद्यालयीन अभ्यासक्रमात आल्यापासून प्रतिमा-संपादनासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरावे, हा प्रश्न वारंवार उपस्थित होत आला आहे. त्याचे उत्तर बहुधा नावलौकिकावरून अथवा किमतीवरून दिले जाते. हे दोन्ही निकष अपुरे आहेत. प्रतिमा ज्या पानावर जाणार आहे त्या पानाच्या गरजेपासून निवडीचा विचार सुरू व्हावयास हवा, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्याची कसोटी पाहण्यासाठी एखाद्या महाविद्यालयाने आरे कॉलनीविषयी मराठी संकेतस्थळ उभारण्याचे ठरविले आहे, अशी कल्पना येथे केली आहे.

आरे : प्रतिमांचे तीन प्रकार

गोरेगाव पूर्वेकडील आरे ही दुग्धवसाहत १९४९ साली स्थापन झाली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या या परिसरात गोठे आहेत, वारलींचे पाडे आहेत आणि बिबट्याचा वावरही आहे. २०१० साली येथील एका विंचवाचे 'लायकस आरेएन्सिस' या नावाने नवी प्रजाती म्हणून वर्णन झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी झालेल्या वृक्षतोडीमुळे आरेचे नाव देशभर पोहोचले. अशा स्थळाविषयीच्या संकेतस्थळावर स्थूलमानाने तीन प्रकारच्या प्रतिमा येतील : छायाचित्रे, वारली चित्रे आणि मराठी अक्षरांची शीर्षके. या तिन्हींची मागणी भिन्न आहे.

छायाचित्र : भार आणि विश्वासार्हता

४००० गुणिले ३००० बिंदूंच्या छायाचित्रात एक कोटी वीस लाख बिंदू असतात. तेच १२०० गुणिले ९०० केल्यास दहा लाख ऐंशी हजार, म्हणजे सुमारे अकरावा हिस्सा उरतो. भ्रमणध्वनीवर पान उघडणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने ही घट निर्णायक होय. मात्र एवढ्या कामासाठी महागड्या प्रणालीची आवश्यकता नाही. फोटोशॉप आणि गिंप या दोहोंत ते सारख्याच सुलभतेने होते.

खरी परीक्षा अन्यत्र आहे. अनेक छायाचित्रांच्या फाइलीत ते कोठे घेतले त्याचे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. दुर्मीळ विंचवाचे वा बिबट्याच्या वाटेचे छायाचित्र त्या नोंदीसह प्रसिद्ध झाल्यास शिकाऱ्यालाही पत्ता मिळतो. दोन्ही प्रणालींत निर्यातीच्या वेळी ही माहिती वगळता येते. पण तो पर्याय विद्यार्थ्याला शिकविला तरच वापरला जातो. तसेच तोडीपूर्वीच्या आणि तोडीनंतरच्या छायाचित्रांची तुलना करताना एकात हिरवा रंग गडद आणि दुसऱ्यात फिका केल्यास पुराव्याचे रूपांतर प्रचारात होते. मूळ फाइल अबाधित ठेवून बदल वेगळ्या स्तरावर करणे हा त्यावरील उपाय होय. या बाबतीत फोटोशॉप दीर्घकाळ सरस होते, हे मान्य केले पाहिजे. गिंपमध्ये मूळ प्रतिमा न बिघडविता गाळण्या लावण्याची सोय २०२५ च्या ३.० आवृत्तीत आली.

वारली चित्र : रेषेचा प्रश्न

गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी रेषा जेपीईजी स्वरूपात साठविली की तिच्या कडांना धूसर ठिपके येतात, कारण हे स्वरूप प्रतिमेचे लहान चौकोन पाडून संकोचन करते. येथे पीएनजी अधिक योग्य. इंकस्केपसारख्या सदिश प्रणालीत चित्राचे आपोआप रेखांकन करून ते कितीही मोठे करता येते. परंतु रेषा गुळगुळीत करण्याच्या सोयीत हाताचा कंप नाहीसा होतो. वारली रेषेचे सौंदर्य त्या कंपातच असल्याने तांत्रिकदृष्ट्या निर्दोष प्रतिमा कलेच्या दृष्टीने सदोष ठरते. ही मर्यादा प्रणालीची की वापरणाऱ्याची, हे ओळखणे अध्यापनाचे काम होय.

मराठी अक्षरे : दुर्लक्षित निकष

सॉफ्टवेअरची चर्चा बहुतांशी इंग्रजी लिपी गृहीत धरून होते. फोटोशॉपच्या जुन्या सर्वसाधारण आवृत्त्यांत युनिकोड देवनागरी लिहिली असता ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाई आणि जोडाक्षरे सुटत. त्यामुळे युनिकोडबाह्य फाँट वापरून मजकुराचे चित्र करण्याची पद्धत रूढ झाली. पुढील आवृत्त्यांत भारतीय लिप्यांसाठी योग्य पर्याय निवडल्यास हा दोष दूर होतो. गिंपने २००४ च्या २.० आवृत्तीपासून मजकुरासाठी पँगो ही बहुलिपीय व्यवस्था स्वीकारली.

तथापि याहून मूलभूत प्रश्न असा, की शीर्षकाचे चित्र करावेच कशाला? चित्रातील 'आरे' हा शब्द सामान्य शोधात सापडत नाही आणि अंध वाचकाच्या वाचक-प्रणालीला तो ऐकविता येत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या वेब सुगम्यतेच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनीही शक्य तेथे चित्ररूप मजकूर टाळण्यास सांगितले आहे. म्हणजे या तिसऱ्या प्रकारासाठी सर्वोत्तम प्रतिमा-संपादक कोणता, याचे उत्तर 'कोणताही नाही' असेच येते.

परवाना आणि परावलंबन

२०१३ पासून ॲडोबीने फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवर देण्याचे धोरण स्वीकारले. विद्यार्थी प्रयोगशाळेत जे शिकतो ते पदवीनंतर त्याला वर्गणी भरूनच वापरता येते. अन्यथा परवान्याविना प्रत वापरण्याचा मोह होतो. गिंप व इंकस्केप घरच्या संगणकावर विनामूल्य व कायदेशीररीत्या बसविता येतात. आरेपासून जवळच, पवई येथील आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने या दोन्ही प्रणालींचे ध्वनिचित्रपाठ उपलब्ध केले आहेत. उलटपक्षी छपाई आणि जाहिरात क्षेत्रात फोटोशॉपचा प्रभाव मोठा आहे आणि छपाईच्या चार रंगांचे काम त्यात अधिक सुकर होते. रोजगाराचा हा मुद्दा केवळ तत्त्वनिष्ठेने बाजूस सारता येणार नाही.

निष्कर्ष

संकेतस्थळापुरते पाहता गिंप आणि इंकस्केप यांची जोडी महाविद्यालयीन अध्यापनास पुरेशी आहे. जेथे छपाईचेही प्रशिक्षण द्यावयाचे आहे तेथे फोटोशॉपच्या मर्यादित परवान्यांचे समर्थन करता येते. परंतु कोणतीही प्रणाली घेतली तरी मूळ प्रतिमेचे जतन, स्थाननोंदीची दक्षता, रेषेचा मान आणि मजकूर मजकूर म्हणूनच ठेवणे या चार गोष्टी तिच्यासोबत आपोआप येत नाहीत. त्या अभ्यासक्रमात लिहाव्या लागतात आणि गुणदानात मोजाव्या लागतात. प्रणालीची खरेदी एका बैठकीत संमत होते. त्या प्रणालीने आरेचे कोणते चित्र जगासमोर जाईल, याची जबाबदारी मात्र विभागाकडे कायम राहते.