शून्यांनी भरलेला ८०८५

इंटेलचा ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर १९७६ सालचा. उद्योगात तो केव्हाच मागे पडला, पण आपल्या वर्गांतून गेला नाही. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला संगणकशास्त्र घेणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी असेंब्ली भाषेची धुळाक्षरे त्याच्यावरच गिरवली. पूर्वी त्यासाठी किट असे: छोटा कळफलक, लाल आकड्यांची पट्टी, आणि भोवती मुलांचा घोळका. आता बऱ्याच ठिकाणी संगणकाच्या पडद्यावरचा सिम्युलेटर आला आहे. त्यांपैकी जीएनयूसिम८०८५ हा विनामूल्य सिम्युलेटर आम्ही शिक्षकाच्या नजरेने तपासून पाहिला.

त्याचा मोठा गुण म्हणजे आज्ञावली एकेक आज्ञा करून चालवता येते आणि दर पायरीला रजिस्टरे व फ्लॅग समोर दिसतात. ए रजिस्टरमध्ये एफएफ ठेवून 'आयएनआर ए' ही आज्ञा द्या. उत्तर ०० येते, झिरो फ्लॅग १ होतो, पण कॅरी फ्लॅग जागचा हलत नाही. तेच काम 'एडीआय ०१' ने करा. आता कॅरीही १ होतो. पुस्तकात हा फरक कोष्टकाच्या एका रकान्यात असतो व मुले तो पाठ करतात. येथे तो डोळ्यांदेखत घडतो. एवढ्यासाठीही हे साधन वर्गात आणावे.

आता तक्रार. सिम्युलेटर नव्याने उघडला की सगळ्या रजिस्टरांत शून्ये असतात, मेमरीतही शून्येच. खरा ८०८५ असा नसतो. रीसेट केल्यावर पुढची आज्ञा ० या पत्त्यावरून घ्यायची, एवढे तो पाळतो. बी किंवा सी रजिस्टरात काय असेल याची हमी देत नाही. वीज सुरू होताच रॅममध्येही काहीबाही भरलेले असते.

याचा परिणाम नेहमीच्याच उदाहरणात पाहा. ९सी आणि ८ए या दोन संख्यांची बेरीज करायची आहे. दशमानात त्या १५६ आणि १३८. बेरीज २९४, म्हणजे षोडशमानात १२६. ए रजिस्टरात २६ उरतात आणि हातचा १ सी रजिस्टरात मोजायचा. त्याआधी 'एमव्हीआय सी, ००' लिहून सी रिकामे करणे भाग आहे. विद्यार्थी ही ओळ विसरला, तरी सिम्युलेटरवर उत्तर बरोबर येते. त्याला पूर्ण गुण मिळतात, आणि चूक झाली हे त्याला कळतच नाही. किटवर हीच आज्ञावली हातचा भलताच दाखवील. मुलगा गोंधळेल, शोधील, शिकेल. आमच्या मते सुरुवातीला रजिस्टरे वेड्यावाकड्या संख्यांनी भरण्याची सोय अशा साधनात असायलाच हवी. तोवर शिक्षकांनी स्वतःच खोडी करावी: विद्यार्थ्याच्या आज्ञावलीच्या आधी गुपचूप 'एमव्हीआय सी, ३७' ही ओळ घालावी. हातचा ३८ आला की तास रंगतो!

दुसरी तक्रार किरकोळ आहे. नवी फाईल उघडताच तयार साचा येतो आणि त्यातली पहिलीच आज्ञा 'जेएमपी स्टार्ट'. ज्याला अजून बेरीज यायची आहे त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी उडी कशाला? साचा पुसून टाकावा.

अगदी नवख्यांसाठी आम्ही 'लिटल मॅन कॉम्प्युटर' आधी सुचवू. एमआयटीचे स्टुअर्ट मॅडनिक यांनी १९६५ साली मांडलेली ही कल्पना. एक छोटा माणूस, ०० ते ९९ क्रमांकांचे शंभर खण, एक गणकयंत्र. प्रत्येक खणात तीन अंकी संख्या. त्याचे सिम्युलेटर पुष्कळ आहेत, पण खडू, चिठ्ठ्या आणि एक उत्साही विद्यार्थी एवढ्यावरही काम भागते. येथे १०५ म्हणजे '०५ क्रमांकाच्या खणातली संख्या मिळव' ही आज्ञा; आणि १०५ म्हणजे एकशे पाचही. खणाला दोन्ही सारखेच. छोटा माणूस चुकून आकड्यांच्या खणावर पोचला, तर त्या आकड्यांनाच आज्ञा समजून निमूटपणे पाळू लागतो. आज्ञा आणि माहिती एकाच मेमरीत राहतात याचा अर्थ त्या क्षणी वर्गाला समजतो. ८०८५ च्या खिडक्याखिडक्यांच्या पडद्यावर तो सहजी दिसत नाही.

मात्र या छोट्या माणसाचा हिशेब दशमानात चालतो. द्विमान पद्धत आणि ऋण संख्या त्याच्याकडून शिकवायला जाऊ नये. उत्तर शून्याखाली गेले की काय करायचे, याचे धड उत्तर त्याच्यापाशी नाही. तेथे मुलांना सरळ ८०८५ कडे न्यावे.